पाया खोदायला जेसीबी सांगताय? आधी मीटरची वायर बघा

२५,७६० रुपये. १८० रनिंग फूट लांब पायाच्या चरासाठी जेसीबीवाल्याने माझ्याकडून एवढे उकळले.

जमीन पुणे जिल्ह्यातली. वर दीड-दोन फूट काळी माती, खाली मुरूम. चर २ फूट रुंद, ४ फूट खोल, म्हणजे १,४४० घनफूट. धड चालणाऱ्या थ्रीडीएक्सला (जेसीबीचं नेहमीचं मॉडेल) अशा मुरमात हे पाचेक तासांचं काम. तासाला १,२०० रुपये, डिझेलसह, असं ठरलेलं. सहा हजारांत मिटायला हवं होतं. बिल आलं ते असं: मशीनच्या तास मोजणाऱ्या मीटरचे १४.३ तास, १७,१६० रुपये. खडक फोडायच्या ब्रेकरचे तीन तास २,२०० ने, ६,६००. ने-आण २,०००, जिचा बोलणीत उल्लेखही नव्हता.

लबाडी डोळ्यांसमोर चालली होती, हेच जास्त जळतं. दुपारी ऑपरेटर झाडाखाली डबा खात होता. इंजिन बंद, किल्ली मात्र ऑन. डॅशवरच्या डिजिटल मीटरमध्ये वाळूच्या घड्याळाचं बारकं चिन्ह लुकलुकत होतं. म्हणजे मीटर पळत होतं! विचारलं तर म्हणाला, "दादा, बॅटरीची लाइट आहे ती." आता सांगा, घर बांधणाऱ्याचं लक्ष चुन्याच्या आखणीवर, दोरीवर, मिस्त्रीच्या गुण्यावर असणार की मशीनच्या वायरिंगवर? तासाचं मीटर इंजिन चालू असतानाच पळायला हवं. इथे त्याची वायर सरळ किल्लीवर जोडलेली होती. मशीन आल्याबरोबर इंजिन बंद, किल्ली ऑन करून पाच मिनिटं मीटर बघा. चिन्ह लुकलुकलं तर मशीन परत पाठवा.

दशांशही नीट वाचा. मीटरवरचा .३ म्हणजे १८ मिनिटं. तो अर्धा तास म्हणून लावतात.

बकेटचं तर विचारूच नका. दोन फुटी बकेट सांगितली होती, आली तीन फुटी. "आता बदलायला गेलो तर दिवस जाईल." मिस्त्री आणि गडी खोळंबलेले, त्यांची मजुरी चालू, कोण थांबेल? त्या एका फुटाने ७२० घनफूट, म्हणजे सव्वासात ब्रास (ब्रास म्हणजे १०० घनफूट) खोदाई फुकट वाढली आणि चराच्या तळाशी घालायच्या सहा इंची पीसीसीला, म्हणजे साध्या काँक्रीटच्या थराला, ९० घनफूट काँक्रीट जास्त लागलं. एका बाजूला चर फूटभर जादा खोल गेला. "माती लोटून देतो की," म्हणे! पायाखाली भर घातलेली माती पुढे बसते आणि भिंतीला तडे जातात. जादा खोली काँक्रीटनेच भरावी लागते, आणि तो खर्च मालकाचा.

ब्रेकरची गरजच नव्हती. बकेटचे दाते झिजून बोथट झालेले, म्हणून कडक मुरूम निघत नव्हता, आणि याने ठोकून दिलं, "खाली खडक लागलाय." पहार मारून बघा. टवका उडाला तर मुरूम. टणकन वाजून पहार उसळली तर खडक. मगच ब्रेकर, आणि त्याचं रीडिंग वेगळं लिहून.

यानंतर दाद मागायला गेलो. पोलीस ठाण्यात, "काका, ही दिवाणी बाब आहे, करार केलाय का?" गावाकडे जेसीबीचा करार कोण करतं? परिवहन कार्यालयात, "आम्ही गाडीची नोंदणी बघतो, मीटर नाही." वजनमापे कार्यालयात, "हे मीटर आमच्या पडताळणीत नाही." १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार क्रमांक मिळाला, पैसे नाहीत. रिक्षाच्या मीटरला सील लागतं, पेट्रोल पंपावरच्या मापाची पडताळणी होते, भाजीवाल्याच्या काट्यावर शिक्का लागतो. ज्या मीटरवर गावोगावी हजारो रुपयांची बिलं फाडली जातात, त्याला कुणी वाली नाही! पैसे घेणाऱ्याच्याच हातात माप, आणि एकाही टेबलावरचा माणूस ते आपल्या अखत्यारीत घ्यायला तयार नाही. निदान तक्रार लेखी घ्या म्हटलं, तर तीही नाही.

आगाऊ रक्कम रोख देऊ नका. मी ५,००० रोख दिले, पावती मागितली तर "विश्वास नाही का?"

आणि पायाच्या चराला तासाचा दर कबूलच करू नका. रनिंग फुटाने ठरवा. रुंदी, खोली, ने-आण व्हॉट्सअॅपवर लिहून घ्या आणि समोरून 'ओके' आल्याशिवाय मशीन बोलावू नका. बकेट उतरली की आधी टेप लावा, दाते बघा, मीटरचा फोटो काढा. यातल्या कशालाही आढेवेढे घेतले, तर दुसरा जेसीबीवाला गाठा.