पाचवा हंडा हलत नाही

छत्रपती संभाजीनगरातल्या एका छोट्या कार्यशाळेने दांडा फिरवून चालणारी तीन लाकडी खेळणी-शिल्पं विक्रीला ठेवली आहेत: टँकरमागे धावणारे हंडे, एसटीच्या टपावरची शेळी आणि लातूरची पाण्याची रेल्वे. तिन्हींची मागची फळी काढून, आतले कॅम (दांड्याबरोबर फिरून वरची वस्तू हलवणाऱ्या चकत्या) मोजून आणि भरपूर फिरवून पाहिल्यावरचं हे मत. टँकर बिनधास्त घ्या, शेळी एक दुरुस्ती करून घ्या, रेल्वे सध्या राहू द्या.

टँकरची पेटी आंब्याच्या लाकडाची, हातभर लांब. वर निळा टँकर आणि त्याच्या मागे ओळीने पाच हंडे. तांब्याचा, स्टीलचा, दोन प्लॅस्टिकच्या घागरी आणि शेवटी पोचे पडलेला जर्मनचा. सगळे लाकडाचेच, पण रंगकाम इतकं बारीक की जर्मनच्या हंड्यावरचा काळपट डाग बोटाने पुसावासा वाटतो. दांडा फिरवला की चार हंडे एकामागून एक उड्या मारतात. पाचवा जागचा हलत नाही.

गंमत पेटीच्या आत आहे. आडव्या दांडीवर ४० मिमीच्या पाच गोल चकत्या आहेत. पहिल्या चारींचं भोक मध्यापासून ६ मिमी बाजूला, म्हणून प्रत्येक हंडा १२ मिमी उचलला जातो. या चकत्या एकमेकींपासून ९० अंशांवर बसवल्या आहेत. त्या एकाच दिशेला बसवल्या असत्या तर चारही हंडे एकदम उठले असते आणि दर फेरीत एका ठिकाणी दांडा जड लागला असता. पाचव्या चकतीचं भोक मात्र बरोबर मधोमध. तीही बाकीच्यांइतकीच फिरते, फिरवणाऱ्याचा जोर तिच्यावरही खर्च होतो, तरी वरचा हंडा ढिम्म. टंचाईतल्या रांगेत शेवटी उभं राहणं म्हणजे काय, हे इथे एका भोकाच्या जागेने सांगितलंय. त्यासाठी पाटी लावावी लागली नाही. अमेरिकन शिल्पकार अलेक्झांडर काल्डरने १९२६ ते १९३१ या काळात तार, बूच आणि कापडातून छोटी सर्कस केली, ती आज न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयात आहे. तिथेही हालचाल हीच कला. आमची कसोटी तीच: हालचाल काढून घेतली तर काय उरतं? टँकरमधून ती काढली तर नुसती शोभेची वस्तू उरेल.

म्हणूनच या भोकाची अचूकता महत्त्वाची. ते अर्धा मिमी जरी सरकलं तरी पाचवा हंडा दर फेरीत एक मिमी वरखाली होईल आणि सगळा अर्थ जाईल. चकत्या प्लायवूडच्या केल्या हेही बरं झालं. अखंड लाकूड रेषांच्या आडव्या दिशेने जास्त आक्रसतं. पावसाळ्यात कापलेली गोल चकती आपल्याकडच्या कोरड्या एप्रिलमध्ये किंचित लंबगोल होते. प्लायचे थर आडवे-उभे असल्याने ती गोलच राहते.

दोष आहे तो झाकणात. हंड्याखालची ५ मिमीची सळई फक्त ६ मिमी जाडीच्या फळीतून जाते. एवढ्याशा आधारात ती तिरकी होते आणि वर गेलेला हंडा तिथेच अडकतो. झाकणाला आतून १० मिमीची पट्टी चिकटवून भोक आरपार नेलं की प्रश्न मिटतो. भोक सळईपेक्षा अर्धा मिमी मोठं ठेवा, पावसाळ्यात लाकूड फुगतं. हंडे हलके असल्याने स्वतःच्या वजनाने खाली यावेत म्हणून पोटात लोखंडी नट घातलाय, हे शहाणपणाचं. अडकलं तर तेल सोडू नका. लाकूड तेल पितं, वर धूळ धरून चिकटा होतो. सळईवर आणि चकतीच्या कडेवर मेणबत्ती घासा, पुरे.

तिसरा हंडा फिरवता फिरवता हळूहळू टँकरकडे पाठ करतो. चकती सळईच्या बरोबर खाली नसून ३ मिमी बाजूला आहे, त्यामुळे ती हंडा उचलते तसा फिरवतेही. चकत्या स्क्रूने आवळलेल्या आहेत, तेव्हा ढिली करून सरकवली की झालं. फेविकॉलने डकवल्या असत्या तर हे जमलं नसतं.

टँकरच्या ड्रायव्हरचं डोकं कागदाच्या लगद्याचं, दोन अर्ध्या साच्यांत दाबून जोडलेलं. कानामागे सांधा दिसतो, तो घासायला हवा होता. ही पद्धत मराठवाड्याला नवी नाही. धाराशिव जिल्ह्यातल्या तेरच्या लामतुरे संग्रहालयात सातवाहनकाळातल्या दोन साच्यांच्या पोकळ बाहुल्या जरूर पाहा.

शेळीची मान हळूहळू वर जाते आणि खटकन खाली पडते. त्यासाठी गोगलगायीच्या आकाराचा कॅम वापरलाय. तो एकाच दिशेने चालतो. उलटा फिरवला की सळई पायरीला अडते आणि जोर केला तर मोडते. दांड्याजवळ बाण रंगवलेला नाही. पाहुण्यांची ये-जा असलेल्या घरात हे पहिल्याच दिवशी तुटेल. बाण रंगवून मागा.

रेल्वेचा विषय मोठा आहे. २०१६च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला आलेली पाण्याची गाडी कोण विसरेल? पण शिल्पात दहा वाघिणी नुसत्या गोल फिरतात. रबरी पट्टा उन्हाळ्यात सैल पडून घसरतो. शिलाई मशीनचा गोल पट्टा लावला तर गाडी चालेल, पण मग ती खेळण्याची गाडीच राहील.

टँकर ६,८०० रुपयांना आहे. पाच सळयांचं जुळवाजुळवीचं काम पाहता दर रास्त वाटतो. हंडे २२ मिमी रुंदीचे आहेत आणि उपसून निघतात, त्यामुळे तीन वर्षांखालच्या मुलांच्या हाती देऊ नका, घशात अडकतील. पार्सलने मागवणार असाल तर हंडे काढून वेगळे बांधायला सांगा, नाहीतर वाटेतल्या धक्क्यांनी सळया वाकतील. परत बसवताना बुडाचे आकडे बघा. सळया सारख्याच असल्याने कुठलाही हंडा कुठेही बसतो, पण जर्मनचा मागच्याच भोकात गेला पाहिजे.