मुंबई ग्राहक पंचायतीचे मासिक वितरण : एका सभासदाचा अभिप्राय

भाव चार रुपयांनी जास्त असला तर गिऱ्हाईक कुरकुरते आणि तरीही त्याच दुकानात जाते. मापात पाप आहे असा संशय आला, की मात्र चकार शब्द न काढता दुसरे दुकान धरते. आमच्या भागातील एका मिठाईच्या दुकानात सणासुदीला पुठ्ठ्याच्या खोक्यासकट वजन होते, म्हणजे पुठ्ठाही काजूकतलीच्या भावाने विकला जातो. वजन निव्वळ मालाचेच धरले पाहिजे असा कायदा आहे आणि तक्रारीसाठी १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांकही आहे. तरीही मी खोके बाजूला ठेवून वजन करा असे म्हटले, तेव्हा रांगेतल्यांनी नुसत्या माना डोलावल्या. अशी माणसे पुढे गुपचूप दुकान बदलतात, पण ती का गेली हे दुकानदाराला कधी कळत नाही आणि नव्या गिऱ्हाइकाला तेच खोके मिळते.

या मुक्या नाराजीला संघटित रूप देणारी व्यवस्था म्हणून मला मुंबई ग्राहक पंचायतीचे मासिक वितरण मोलाचे वाटते. १९७२च्या दुष्काळानंतर महागाई, साठेबाजी आणि भेसळीने मुंबईकर त्रासले होते. मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांच्या पुढाकाराने बायका लाटणी घेऊन रस्त्यावर उतरल्या, तो हाच काळ. १९७५ साली बिंदुमाधव जोशी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही संस्था उभी केली आणि केवळ निषेध न करता ग्राहकांनी एकत्र येऊन थेट घाऊक खरेदी करावी, असा मार्ग काढला.

शेजारपाजारची काही कुटुंबे मिळून एक संघ होतो, प्रत्येक घर आपली मागणी नोंदवते आणि महिन्यातून एकदा सगळ्यांचा माल संघातल्या एका घरी येऊन पडतो. मग तूरडाळ, पोहे, गूळ, साबण असे एकेक नाव वाचत सभासदच प्रत्येकाच्या नावाचा ढीग लावतात. एखादा पुडा कमी भरला किंवा फुटलेला निघाला, तर तो सर्वांसमोर बाजूला काढला जातो. एकट्या गिऱ्हाइकाला काउंटरवर जो संकोच वाटतो, तो इथे कोणालाच वाटत नाही. माझ्या मते या सेवेचा खरा फायदा वाचलेल्या पैशांपेक्षा इथे आहे.

उणिवा आहेतच. महिन्याभराचा अंदाज आधी बांधावा लागतो, ब्रँडची निवड मर्यादित असते आणि वाटपाच्या दिवशी कोणाला तरी वेळ काढावाच लागतो, जे दोघेही नोकरी करणाऱ्या घरांना खरोखरच जड जाते. दहा मिनिटांत सामान आणून देणाऱ्या अ‍ॅपशी या बाबतीत तिची बरोबरी होणार नाही. मात्र तिथे हाताळणी शुल्क, गर्दीचे शुल्क अशा नावांनी बिल फुगते तेव्हा आपण पुन्हा एकटेच असतो, आणि बहुतेक जण ते मुकाट्याने भरून मोकळे होतात.

डाळी, कडधान्ये, मसाले आणि साबणासारख्या टिकाऊ वस्तूंसाठी मी ही सेवा निःसंकोचपणे सुचवेन. भाजी, दूध आणि ऐन वेळी संपलेल्या जिन्नसांसाठी कोपऱ्यावरचा वाणी लागणारच. इमारतीत आधीच संघ असेल तर त्यात सामील व्हावे, नसेल तर उत्साही शेजारी शोधण्यापासून सुरुवात करावी लागेल.