अंधाऱ्या खोलीचा ‘खास’ रंग: ४५,००० रुपये गेले ते असे

आधीच सांगतो, मला रंगकामातलं कळतं. लांबी (पुट्टी) किती लागते, प्राइमर कशासाठी, इमल्शनचं (धुता येणाऱ्या प्लास्टिक रंगाचं) एक लिटर दोन हातांत किती भिंत झाकतं, हे मला कुणाला विचारावं लागत नाही. म्हणून तर चीड जास्त. अडाणी माणूस फसला की लोक हळहळतात, जाणकार फसला की हसतात. हसा, पण शेवटपर्यंत वाचा.

पुण्यातल्या पेठेतली जुनी इमारत, तळमजला. मधली खोली १० बाय ९, तिला बाहेरची खिडकीच नाही. आतली १० बाय ११, खिडकी आहे पण समोर चार फुटांवर शेजाऱ्यांची भिंत. उंची साडेनऊ फूट. ‘फ्री कलर कन्सल्टेशन’वाला हातात टॅब आणि लेझर मीटर घेऊन आला. ही मंडळी कशी येतात नि काय बोलतात ते तुम्हाला ठाऊकच आहे, त्यात वेळ घालवत नाही. माल म्हणे खास अंधाऱ्या खोल्यांसाठी, ‘लाइट रिफ्लेक्टिंग’, उजेड दुप्पट.

आणि तो उजेड त्याने दुप्पट करून दाखवला.

मधल्या खोलीत २ बाय २ फुटांचा नमुना मारला आणि म्हणाला, तासभर वाळू द्या. तासाने बोलावलं तर खोली लखलखीत. त्याच्या मोबाइलवर उजेड मोजायचं ॲप होतं. आधी ६० आकडा आला होता, आता १४०. मधल्या वेळात काय बदललं होतं? ९ वॅटचा पिवळा दिवा काढून त्याने २० वॅटची पांढरी एलईडी ट्यूब लावली होती. चोरूनही नाही. “रंग खरा दिसायला पांढरा लाइट लागतो, साहेब,” असं तोंडावर सांगून, स्टुलावर चढून लावली. मी स्टूल धरलं होतं.

हा क्षण माझ्या डोक्यातून जात नाही. ९ वॅटचा दिवा साधारण ८००-९०० ल्यूमेन उजेड देतो, २० वॅटची पट्टी २,००० च्या आसपास. ६० चे १४० कुठून आले ते इथेच कळायला हवं होतं. त्या खोलीच्या भिंती आणि छत मिळून ४५१ चौरस फूट, त्यात चार चौरस फुटांचा ठिपका. तेवढ्याने खोली उजळली असं मी मान्य केलं. त्यातही खोटं असं की पांढऱ्या ट्यूबखाली रंग ‘खरा’ दिसत नाही, त्या ट्यूबखाली दिसतो तसा दिसतो. ६५०० केल्विनच्या, म्हणजे थंड पांढऱ्या, ट्यूबखाली निळसर पांढरा झळकतो. तोच रंग २७००-३००० च्या पिवळ्या दिव्याखाली मळका वाटतो आणि दिवसा, दिवे बंद असताना, सरळ राखाडी. मी निवडला तो निळसर पांढराच. ज्या खोलीत ऊन येत नाही तिला थंड पांढरा मारला की ती सिमेंटच्या टाकीसारखी दिसते. तिथे किंचित पिवळसर किंवा पीच झाक असलेला ऑफव्हाइट हवा, छत मात्र स्वच्छ पांढरं मॅट. हे मी दुसऱ्यांना सांगतो!

रंग उजेड तयार करत नाही, आलेला परत फेकतो. किती फेकतो त्याला एलआरव्ही म्हणतात, काळा शून्याजवळ, पांढरा शंभराकडे. बऱ्याच कंपन्या तो शेडच्या माहितीत छापतात. साधा चांगला पांढराही ८० च्या वर असतो, म्हणजे त्याच्यापुढे ‘खास’ मालाला दुप्पट काही करून दाखवायला जागाच उरत नाही. आणि चकाकी वाढवून फसू नका. चकाकीचा रंग जुन्या गिलाव्याचा प्रत्येक उंचवटा दाखवतो.

आता मोजमाप. दोन्ही खोल्यांच्या भिंती आणि छत मिळून ९६० चौरस फूट. तीन दारं आणि एक खिडकी यांचे ७९ वजा केले की ८८१. त्याने लावले १,३४०. दारं-खिडकी वजा नाहीत, छताचे २०० ‘अवघड काम’ म्हणून दोनदा, आणि उरलेले १८० ‘माळा, कोपरे व वेस्टेज’. मला हे खटकलं नाही असं नाही. पण रंगवायचं क्षेत्र कार्पेटच्या (जमिनीच्या) साडेतीन पट हा जो ठोकताळा आहे तो लहान खोल्यांना खरंच कमी पडतो, कारण जमिनीच्या मानाने भिंती जास्त असतात. माझ्याच खोल्यांना तो ४.४ पट येतो. त्याने हेच सांगितलं आणि मला वाटलं, माणूस जाणकार आहे. अर्ध्या खऱ्या गोष्टीवर त्याने ६.७ पट खपवलं. टेप स्वतः धरा, प्रत्येक भिंतीचा आकडा वहीत लिहा आणि त्याखाली त्याची सही घ्या.

दर ३८ रुपये फूट, लांबी-प्राइमर-दोन हात मालासकट. हिशेब ५०,९२०, ‘तुमच्यासाठी’ ४८,५००. आगाऊ ३०,०००, लांबी झाल्यावर १५,०००. दोन्ही यूपीआयने. क्यूआरवर फर्मचं नाव नव्हतं, कुणा माणसाचं होतं. पैसे टाकायच्या आधी ते नाव दिसतंच, दिसलंही.

बादली आली ती सील तुटलेली. कारण विचारलं तर, “मशीनवर टिंट केलंय, झाकण उघडावंच लागतं.” हेही खरं आहे, रंग टाकायला दुकानदार डबा उघडतो. पण टिंट केलेल्या डब्यावर मशीनचं लेबल चिकटवलेलं असतं: माल कुठला, बेस कुठला, शेडचा कोड, तारीख. ते नव्हतं. कोड विचारल्यावर, “स्पेशल आहे, कार्डात नाही.” ज्या रंगाला कोड नाही तो घरात घेऊ नका. उद्या भिंतीला खिळा ठोकला तर डाग झाकायला तोच रंग कुठून आणणार? शिवाय ८८१ फुटांना दोन हातांत, लिटरला १२० फूट धरले तरी साडेसात-आठ लिटर इमल्शन पुरतं. हा वीसची बादली घेऊन आला. इमल्शनचं लिटर सव्वा ते दीड किलो भरतं, म्हणजे वीस लिटरची बादली पंचवीस-तीस किलो हवी. पोरगा ती एका हातात झुलवत आला. डिस्टेंपर, म्हणजे इमल्शनपेक्षा स्वस्त आणि हलका रंग, किलोवर मिळतं, वीस म्हणजे वीसच किलो. घरात वजनकाटा होता.

हो, ते डिस्टेंपरच निघालं. आठवड्यात बोटाला पावडर लागायला लागली. फोन केला तर, “इमल्शन पक्कं व्हायला महिना लागतो, ओलं फडकं लावू नका.” पुन्हा अर्धसत्य. नव्या इमल्शनला तीन-चार आठवडे धुऊ नये हे बरोबर, पण ते वाळल्यावर पावडर सोडत नाही. महिन्याने ओलं फडकं फिरवलं तर फडकं पांढरं आणि भिंत मळकी. तोवर न्हाणीघराला लागून असलेल्या भिंतीवर लांबीचे पोपडे आलेच होते, कारण ओल न शोधता वरून लांबी ओढली होती. अशा भिंतीवर आधी दोन फुटी प्लास्टिक चारी बाजूंनी चिकटपट्टीने बंद करून एक-दोन दिवस ठेवा. आतून थेंब जमले तर रंगाऱ्याला नाही, प्लंबरला बोलवा.

मग सुरू झाले खेटे. चौकीत सांगितलं, हा दिवाणी मामला आहे. लेखी करार आहे का? व्हॉट्सॲपवरचं कोटेशन दाखवलं, तर “हे काय, कुणीही टाइप करेल.” १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन केला, तर पैसे तुम्हीच स्वखुशीने पाठवलेत, मग ऑनलाइन फसवणूक कशी? १९१५ वर ग्राहक हेल्पलाइन. चाळीस मिनिटं सगळं सांगितलं, नंबर मिळाला, मग विचारणा आली की समोरच्याचा जीएसटी नंबर द्या. तो असता तर इथे आलो असतो का? बारा दिवसांनी मेसेज, तक्रार निकाली. काय निकाली? बादलीवर जिचं नाव होतं त्या कंपनीने डीलरचं बिल मागितलं. डीलर म्हणाला, बादली आमच्याकडची असेल, आतला माल आमचा कशावरून? चौकीवाले ग्राहक आयोगाकडे बोट दाखवतात, हेल्पलाइनवाले चौकीकडे. सगळ्यांना पक्कं बिल हवं, आणि पक्कं बिल देणारा माणूस असं काम करत नाही ही साधी गोष्ट एकाही टेबलावर कुणाला सुचली नाही. एका साहेबांनी तर विचारलं, “रंग छान दिसतोय ना पण?”

जिल्हा ग्राहक आयोगाला पाच लाखांपर्यंतच्या रकमेला फी लागत नाही, मुदत दोन वर्षं आहे आणि तक्रार ऑनलाइनही करता येते. हे मला या सगळ्या कचेऱ्यांत कुणी सांगितलं नाही. यूपीआयच्या नोंदी, कोटेशनचा चॅट, पांढऱ्या फडक्याचा व्हिडिओ, रिकामी बादली, सगळं जोडून आता तिथे दाखल केलंय. बादली फेकू नका, तळाला राहिलेला रंगही खरवडू नका. तो उचलून न्यायची अशा मंडळींना फार घाई असते.

नमुना नेहमी खोलीच्या सर्वांत काळोख्या कोपऱ्यात मारायला लावा, दोन भिंतींवर, पुरे दोन हात, आणि सकाळ, दुपार, रात्र तुमच्याच दिव्यात बघा. चारही भिंतींना लागला की रंग कार्डापेक्षा गडद वाटतो, तेव्हा एक पायरी फिकी घ्या. आणि मधल्या खोलीसारख्या खोलीला खरं तर रंगापेक्षा साडेतीनशे रुपयांची ट्यूब हवी असते. ती मला तो फुकट लावून गेला, एवढीच काय ती वसुली.

उरलेले ३,५०० मी दिलेले नाहीत. त्यासाठी दर रविवारी त्याचा मेसेज येतो, शेवटी जोडलेले हात. परवा त्याच्या स्टेटसला ‘आधी’ आणि ‘नंतर’ असे दोन फोटो होते. मधली खोली माझीच. ‘आधी’मध्ये पिवळा दिवा, ‘नंतर’मध्ये ती ट्यूब, आणि कडेला स्टूल धरलेला माझा हात.