माझ्या माघारी झालेला हुकूमनामा

सांगलीत ओळखीवर हातउसने पैसे घेणारे पुष्कळ आहेत. त्यांनी हे नीट वाचावे. मार्च 2021 मध्ये हळद पावडरच्या धंद्यासाठी मी एका परिचित व्यापाऱ्याकडून वचनचिठ्ठीवर, म्हणजे पैसे परत करण्याच्या सहीनिशी दिलेल्या लेखी वचनावर, 3,50,000 रुपये घेतले आणि नोव्हेंबर 2022 पर्यंत व्याजासह 4,13,000 रुपये फेडले. त्यांपैकी 2,90,000 रुपये बँकेतून गेले, बाकीचे रोखीने. तरीही डिसेंबर 2023 मध्ये त्याने त्याच चिठ्ठीवर 5,23,250 रुपयांचा दावा लावून एकतर्फी हुकूमनामा, म्हणजे माझी बाजू न ऐकता दिलेला न्यायालयाचा निर्णय, मिळवला. दरखास्तीत, म्हणजे त्या हुकूमनाम्याच्या वसुलीसाठी त्याने केलेल्या अर्जात, बँकेने खात्यातले 2,86,412 रुपये रोखून धरले, तेव्हा कुठे मला दाव्याचा पत्ता लागला.

शेवटचा हप्ता देताना मी चिठ्ठी परत मागितली होती. "गावाकडच्या कपाटात आहे दादा, पुढच्या आठवड्यात आणून देतो," असे तो म्हणाला. शंका यायची ती तिथेच. पण त्याच महिन्यात विश्रामबागेत आमच्या वास्तुशांतीला हा माणूस सहकुटुंब जेवून गेला होता. अशा माणसाकडे लेखी पोहोच मागणे आपल्याकडे अपमान समजतात, आणि त्याने नेमका त्याचाच फायदा घेतला. नवे घर स्वतः पाहिलेले असताना दाव्यात त्याने माझा पत्ता दिला, तो खणभागातल्या सोडलेल्या भाड्याच्या खोलीचा.

प्रकरणाच्या नकला हातात आल्या तेव्हा संताप अनावर झाला. टपालाच्या पाकिटावर निळ्या शाईत 'घेण्यास नकार' असा शेरा आहे. मी तिथे राहतच नव्हतो, मग नकार दिला कोणी? समन्स दारास डकवल्याचे बेलिफाच्या (समन्स बजावणाऱ्या न्यायालयीन कर्मचाऱ्याच्या) अहवालात लिहिले आहे. पण घर कोणी दाखवले आणि कोणासमक्ष डकवले, या जागा कोऱ्या आहेत. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश 5, नियम 17 प्रमाणे ही नावे आणि पत्ते लिहावेच लागतात. नकला काढाल तेव्हा निकालपत्रावर थांबू नका. रोजनामा (प्रत्येक तारखेच्या कामकाजाची नोंद), समन्सचा अहवाल आणि पाकीट हेही मागा.

पोलिसांनी अर्ज पुरता न वाचताच ही दिवाणी बाब असल्याचे सांगितले. टपाल कार्यालयात जुनी नोंद मिळाली नाही, नक्कल विभागात सही करणारे रजेवर होते आणि बँक एकच सांगत राहिली, की न्यायालयाचा आदेश आणा. वसुलीला स्थगिती मिळण्यासाठी 2,00,000 रुपये भरण्याची अट पडली. ज्या खात्यातून भरायचे तेच जप्त, म्हणून पत्नीचे दागिने गहाण पडले. खोटा पत्ता देणाऱ्याला एकाही कचेरीने जाब विचारला नाही. मी कुठे राहतो, हे सिद्ध करण्याचा भार मात्र माझ्यावर!

आदेश 9, नियम 13 खाली त्याच न्यायालयात हुकूमनामा रद्द करण्याचा अर्ज करता येतो. त्याची मुदत 30 दिवसांची असते आणि समन्स रीतसर बजावलेले नसेल, तर ती हुकूमनामा कळल्यापासून मोजतात. कळल्याची तारीख दाखवणारा बँकेचा संदेश म्हणूनच जपून ठेवा. कलम 96 खाली जिल्हा न्यायालयात अपीलही करता येते. मात्र ते आधी निकाली निघाले, तर नियम 13 चा अर्ज चालत नाही, अपील स्वतः मागे घेतले असेल तेवढा अपवाद. कोणता मार्ग आधी, हे वकिलांना स्पष्ट विचारा.

माझा अर्ज प्रलंबित आहे. नव्या घराचे वीजबिल आणि जुन्या घरमालकाचे शपथपत्र मी दाखल केले आहे. बेलिफाची उलटतपासणी अजून व्हायची आहे. ज्यांनी कर्ज फेडूनही चिठ्ठी परत घेतलेली नाही, त्यांनी ती आजच मागावी आणि ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर पक्षकाराच्या नावाने स्वतःचे नाव शोधावे, पूर्वी राहत असलेल्या गावच्या न्यायालयातसुद्धा.