घरातल्या मांजराला सोबत हवी: पिल्लू की मोठं मांजर?

दुसरं मांजर आणायचं ठरलं की बरीच घरं पिल्लूच आणतात. ते गोड दिसतं, सोसायटीच्या पार्किंगमध्ये आपसूक सापडतं आणि ‘लहान आहे, जुळवून घेईल’ हे सगळ्यांनाच पटतं. पिल्लू जुळवून घेतंही. जुळवून घ्यायचं असतं ते खरं तर घरातल्या मांजराला, आणि निवड करताना त्याचं वय आणि स्वभाव आधी बघायला हवा.

तुमचा बोका वर्ष-दीड वर्षाचा असेल, रात्री पडद्यावर चढत असेल, तुमच्या पायांवर झडप घालत असेल, तर पिल्लू आणा. मोठी मांजरं पिल्लाला सहसा लवकर सामावून घेतात. थोडं फिस्कारणं, एखादा पंजा, आणि मग दोघं गादीवर लोळत कुस्ती. पिल्लू मात्र किमान 8 आठवडे, जमल्यास 12 आठवडे, आई-भावंडांत वाढलेलं असावं. किती जोरात चावायचं हे ते तिथेच शिकतं.

मांजर आठ-दहा वर्षांचं असेल तर हेच पिल्लू त्याला छळ वाटतं. या वयात बऱ्याच मांजरांचे सांधे दुखायला लागलेले असतात आणि शेपटीवर दिवसभर कुणीतरी उड्या मारत असतं. मग म्हातारं मांजर कपाटावर जाऊन बसतं आणि खायलाही खाली येत नाही. अशा घरी पिल्लूच हवं असेल तर दोन आणा. ती एकमेकांत दमतात आणि म्हाताऱ्याला सोडतात. अर्थात खाणं, लसी, नसबंदी, सगळंच दुप्पट.

तीन ते सात वर्षांच्या मांजरासाठी माझं मत मोठ्या मांजराच्या बाजूने आहे. त्याचा स्वभाव तयार झालेला असतो, तुम्हाला अंदाज बांधावा लागत नाही. फोस्टरकडे, म्हणजे कायमचं घर मिळेपर्यंत मांजर सांभाळणाऱ्याकडे, असलेलं मांजर असेल तर एकच प्रश्न महत्त्वाचा: हे आधी दुसऱ्या मांजरांसोबत राहिलंय का, आणि कसं? त्याचं नीट उत्तर मिळालं तर रंग, जात, डोळे सगळं विसरलं तरी चालेल. तोटा म्हणजे वेळ. पिल्लाचं काही दिवसांत जमतं, दोन मोठ्यांना कित्येक आठवडे लागतात, कधी महिने. काही जन्मभर नुसती एका घरात राहतात, मैत्री करत नाहीत. भांडण नसेल तर तेही चांगलंच मानावं.

बोका की भाटी? नसबंदी झालेली असेल तर हा प्रश्न लोक मानतात तितका मोठा नाही. फरक खेळात दिसतो. बोक्यांना अंगावर धावून कुस्ती आवडते, भाट्यांचा ओढा लपून पाठलाग करण्याकडे जास्त. म्हणून दांडगट तरुण बोक्याला बोकाच बरा, आणि शांत भाटीच्या घरी दांडगट बोका नको. नसबंदीत चालढकल करू नका. भाटी चार-पाच महिन्यांची असतानाही माजावर येऊ शकते, आणि सख्खी भावंडं आहेत म्हणून काही थांबत नाही.

पर्शियन की इंडी, म्हणजे आपलं देशी, हा प्रश्न माणसांचा आहे, मांजराला त्याच्याशी देणंघेणं नाही. पर्शियन बहुधा शांत असतं, पण रोज केस विंचरावे लागतात, डोळे पुसावे लागतात. चपट्या नाकामुळे उन्हाळ्यात त्रास होतो आणि या जातीत मूत्रपिंडाचा एक आनुवंशिक आजारही आढळतो.

पिल्लू असो वा मोठं, आधी डॉक्टरांकडून एफआयव्ही आणि फेलाइन ल्युकेमिया या मांजरांतल्या दोन संसर्गजन्य विषाणूंची रक्ततपासणी, जंतांचं औषध, लसी. मग दोनेक आठवडे वेगळी खोली. वन बीएचकेत बाथरूम किंवा बेडरूम द्यावी लागते, इलाज नाही. पॅनल्युकोपेनिया या मांजरांच्या जीवघेण्या साथरोगाने घरात आधी मांजर गेलं असेल, तर त्याचा विषाणू घरात वर्षभरही टिकू शकतो. अशा घरी लस पूर्ण झालेलं मोठं मांजरच आणावं. त्या दोन आठवड्यांत एकाची चादर दुसऱ्याला हुंगायला द्या, बंद दाराच्या दोन्ही बाजूंना जेवण ठेवा. लिटरचे, म्हणजे शी-शूचे, ट्रे दोन मांजरांना तीन असावेत. जागा नसेल तर निदान दोन, पण वेगवेगळ्या कोपऱ्यांत.

खिडकीबाहेर मांजर दिसलं तरी तुमचं मांजर शेपूट फुगवून घरभर मुतत असेल, तर सध्या कुणालाच आणू नका. एकटं पडलंय म्हणून अंग चाटून टक्कल पाडतंय असं वाटत असेल, तर आधी डॉक्टर गाठा. बऱ्याचदा त्वचेची ॲलर्जी किंवा पिसवा निघतात, आणि त्यावर दुसरं मांजर हा उपाय नव्हे. बाकीच्यांनी फोस्टरशी बोलताना महिनाभर ठेवून बघण्याची आणि न जमल्यास परत देण्याची मुभा आधीच मागून घ्यावी. चांगले फोस्टर स्वतःहूनच ती देतात.