उपग्रह की बाटलीभर पाणी?

खाडीत कालवं-शिणाण्यांची, म्हणजे खाण्याच्या शिंपल्यांची, शेती करणाऱ्या एका बचत गटाचा प्रश्न: विषारी शैवालावर नजर ठेवायला उपग्रहाची माहिती पुरेल, की पाण्याचे नमुने तपासायचे?

खर्चात उपग्रह सरस. हैदराबादच्या ‘इन्कॉइस’ या समुद्राची माहिती देणाऱ्या सरकारी संस्थेकडून शैवालबहराची (शैवाल एकदम वाढण्याची) माहिती फुकट मिळते. नमुन्याला होडी, नमुना टिकवणारं लुगॉल आयोडीन, सूक्ष्मदर्शक आणि मुख्य म्हणजे प्रजाती ओळखणारा माणूस लागतो. तोच मिळत नाही.

आवाक्यातही उपग्रहच पुढे. अरबी समुद्रात हिवाळ्यात पसरणारा हिरव्या नॉक्टिल्युका या सूक्ष्मजीवाचा पट्टा बाटलीत कसा मावणार? पण पावसाळ्यात ढगांखालचं काही दिसत नाही. शिवाय सेंटिनेल-३ या युरोपीय उपग्रहाच्या चित्रातला एक ठिपका ३०० मीटरचा. अरुंद खाडी त्यात हरवते आणि गढूळ पाणी हरितद्रव्याचा, म्हणजेच शैवालाचा, अंदाज चुकवतं.

खरी अडचण वेगळीच आहे. उपग्रह पाण्याचा रंग पाहतो, विष नाही. अलेक्झांड्रियमसारख्या विषारी शैवालांमुळे पाणी लाल न होताही शिंपल्यांत सॅक्सिटॉक्सिन हे विष साठू शकतं, आणि ते शिजवून जात नाही. सूक्ष्मदर्शकाखाली प्रजाती कळते. मांसातलं विष मात्र प्रयोगशाळेतच मोजावं लागतं. अनेक देशांत या विषाची मर्यादा मांसाच्या किलोला ८०० मायक्रोग्रॅम आहे.

तेव्हा खोल समुद्रातल्या मच्छीमाराला किंवा किनाऱ्याचा मोठा पट्टा सांभाळणाऱ्याला उपग्रह पुरे. शिंपले विकणाऱ्यांनी नमुनेच घ्यावेत, आणि काढणीआधी मांसाची तपासणी टाळू नये. परवडत नसेल तर शेजारच्या गटांनी मिळून एक सूक्ष्मदर्शक घ्यावा.