मांजर मोफत, फक्त गाडीभाडं द्या

8 ऑगस्टला आंतरराष्ट्रीय मांजर दिन असतो. प्राण्यांसाठी काम करणाऱ्या 'आयफॉ' या संस्थेनं तो 2002 साली सुरू केला. त्या आठवड्यात मांजरवेड्यांच्या ग्रुपांवर दत्तक द्यायच्या पिल्लांचे फोटो एकामागोमाग एक येत राहतात. बहुतेक खरे असतात. आमच्या वाट्याला आलेला नव्हता आणि त्यात आमचे 11,800 रुपये गेले. एवढ्या पैशानं कुणाचं घर बुडत नाही. नेमक्या त्याच हिशोबानं ही मंडळी आकडा ठरवतात, कारण दहा-बारा हजारांसाठी पोलिसांत कोण जाणार?

जाहिरात अशी होती: मी लष्करात आहे, लेहला बदली झाली, पिल्लू सोबत नेता येत नाही, चांगलं घर हवं, पैसे नकोत. फोटोत तीन रंगांचं पिल्लू. पांढऱ्यावर काळे आणि भगवे डाग, एक डोळा काळ्या ठिपक्यात, दुसरा भगव्यात. खाली लिहिलेलं, 'मेल किटन, सहा आठवडे, बेंगळुरू'. आम्ही राहतो डोंबिवलीत, पण 'ट्रान्सपोर्टची सोय होईल' असंही होतं. बायकोनं मेसेज टाकला आणि चहा उकळायच्या आत उत्तर आलं. हिंदीत, 'मॅडमजी' आणि 'जय हिंद'सकट. पाठोपाठ ओळखपत्राचा फोटो, कॅन्टीन कार्डाचा फोटो, गणवेशातला फोटो. व्हिडिओ कॉल मात्र नाही, कारण ड्युटीच्या भागात कॅमेऱ्याला मनाई. पटण्यासारखं कारण आहे, आणि म्हणूनच वापरतात. जुनी गाडी, फ्रिज, भाड्याचा फ्लॅट, सगळीकडे हा बदली झालेला जवान भेटतो. आता तो मांजरांपर्यंत पोचलाय.

मग त्यानं विचारलं, 'बच्चे का नाम क्या रखोगे? पेपर पे लिखना है.' मुलगी म्हणाली, मिसळ. तीन रंग, वर थोडं तिखट. त्या क्षणापासून ते पिल्लू आमचं झालं होतं. सगळ्या प्रकरणातला सर्वांत हुशार डाव हाच होता असं मला वाटतं. फसणारे लोभी असतात असं लोक सर्रास म्हणतात. इथं लोभ कसला? देशी पिल्लू फुकटच मिळतं, आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्येसुद्धा.

पहिले 1,800 गाडीभाड्याचे. ते गेल्यावर एका 'पेट कार्गो'वाल्याचा फोन. पिल्लू विमानानं येतंय, विमान कंपनीच्या नियमाप्रमाणे खास पिंजरा लागतो, 3,500 भरा, पिंजरा परत केला की पैसे परत. सोबत एअरवे बिलाचा, म्हणजे विमानानं पाठवलेल्या मालाच्या पावतीचा कागद, शिक्का, बारकोड, 'मिसळ' हे नावसुद्धा छापलेलं. तिसरा फोन संध्याकाळी. पिल्लाला विमानतळावर क्वारंटाइनमध्ये ठेवलंय, विम्याचे 6,500 भरल्याशिवाय सोडत नाहीत, सकाळपासून त्यानं काही खाल्लेलं नाही, लवकर करा. मागून मांजराचा म्यॅव म्यॅव आवाज. मुलगी रडायला लागली. पैसे गेले.

चौथ्या वेळी त्यांनी मागितले नाहीत, द्यायला निघाले. तुमचा रिफंड तयार आहे, हा क्यूआर कोड स्कॅन करून पिन टाका. तेवढ्यात बँकेत नोकरी करणारा मेहुणा घरी आला होता. तो म्हणाला, "भावजी, पैसे घ्यायला पिन लागत नाही. पिन टाकला म्हणजे आपल्या खात्यातून गेले." यूपीआयमध्ये हे एवढं एकच वाक्य घरातल्या प्रत्येकाला पाठ करून घ्यावं, सत्तरीतल्या आईसह. त्या कोडवर रक्कम 19,000 होती.

त्याच रात्री पिल्लाचा फोटो इंटरनेटवर उलटा शोधला. फोटो टाकून तो आणखी कुठे आहे ते बघायचं, एवढंच. सापडला ठाण्यातल्या एका ताईंच्या पानावर. त्या रस्त्यावरची पिल्लं घरी आणून बाटलीनं दूध पाजतात, सुधारली की दत्तक देतात. फोटो आदल्या वर्षीचा, पिल्लू केव्हाच मुलुंडच्या एका घरी गेलेलं. आमचा फोन काही त्यांना आलेला पहिला नव्हता. त्या वैतागलेल्याच होत्या, पण बोलल्या.

"बोका लिहिलं होतं ना?" त्यांनी विचारलं. "अहो दादा, तीन रंगांचा बोका कधी बघितलाय? भाटी आहे ती, मादी."

मग त्यांनी जे सांगितलं ते मला आजवर ठाऊक नव्हतं. मांजराचा भगवा रंग ठरवणारं जनुक एक्स गुणसूत्रावर असतं. एका एक्सवर भगव्याची सूचना आणि दुसऱ्यावर नाही, असं असेल तरच एका अंगावर काळा आणि भगवा दोन्ही दिसतात. पांढरा वेगळ्या जनुकामुळे येतो. दोन एक्स मादीकडेच असतात, त्यामुळे तीन रंगांचं मांजर जवळपास नेहमी भाटीच निघतं. नर असलाच तर तो गुणसूत्रांच्या गडबडीतून जन्मलेला, अगदी विरळा. फोटो चोरणाऱ्याला हे कुठून कळणार!

वयाचंही तसंच. सहा आठवड्यांचं पिल्लू विमानात घेत नाहीत, किमान आठ आठवडे लागतात आणि डॉक्टरांचा दाखला लागतो. दुकानदारालासुद्धा 2018 च्या पेट शॉप नियमांनुसार आठ आठवड्यांखालचं पिल्लू विकता येत नाही. एअरवे बिलाचा क्रमांक 11 अंकी असतो, त्यातले पहिले तीन विमान कंपनीचे, आणि तो कंपनीच्या वेबसाइटवर तपासता येतो. आमच्या कागदावर नऊच अंक होते.

पण हे बारकावे विसरलात तरी चालेल. ताईंचा फॉर्म बघितल्यावर मला खरा फरक कळला. घर स्वतःचं की भाड्याचं? भाड्याचं असेल तर मालकाची परवानगी आहे का? कितव्या मजल्यावर? खिडक्यांना आणि गॅलरीला जाळी आहे का, फोटो पाठवा. घरात कुणाला दमा, ॲलर्जी? आधी मांजर होतं का, त्याचं काय झालं? मे महिन्यात आणि गणपतीत गावी जाता तेव्हा कोण बघणार? लसी घ्याल का? सहा महिन्यांच्या आत नसबंदी करायला तयार आहात का? हे लिहून घेतात, मग घर बघायला येतात, आणि पिल्लू तुमच्या मांडीवर बसल्यावर पुढची बोलणी. लसीचे किंवा नसबंदीचे पैसे कुणी मागतात, ते रास्तच आहे, पण पावती देतात आणि आधी पिल्लू दाखवतात. आम्हाला त्या जवानानं एकच प्रश्न विचारला होता, पिल्लाचं नाव काय ठेवणार. बाराव्या मजल्यावरच्या उघड्या खिडकीची त्याला काळजी नव्हती.

संस्थांची ही चौकशी लोकांना आगाऊपणा वाटतो. 'मांजर देताय की मुलगी?' असं म्हणणारे आमच्याच नात्यात आहेत. मला आता ती फार बरी वाटते.

आणि मांजर लांबून आणायची गरजच काय? मांजरीचे दिवस साधारण नऊ आठवड्यांत भरतात, आणि पाच महिन्यांची पोरसवदा भाटीसुद्धा गाभण राहू शकते. उन्हाळ्यापासून पावसाळ्यापर्यंत मुंबई-ठाण्यातला प्रत्येक निवारा पिल्लांनी तुडुंब भरलेला असतो. पॅनल्यूकोपेनियासारखा रोग शिरला तर पिंजरेच्या पिंजरे रिकामे होतात. त्यामुळे पिल्लू लवकर चांगल्या घरी जावं यासाठी ही माणसं जिवाचं रान करत असतात. पिल्लू हवं असेल तर लोकलनं जा, बघा, हातात घ्या. पर्शियन पाहिजे म्हणून परराज्यात पैसे पाठवणाऱ्यांना तर मी हात जोडतो.

तक्रारीचं सांगतो. 1930 या सायबर हेल्पलाइनला फोन केला आणि सायबर क्राइमच्या सरकारी पोर्टलवर तक्रार नोंदवली. प्रत्येक व्यवहाराचा 12 अंकी यूपीआय क्रमांक, समोरचा यूपीआय आयडी, फोन नंबर आणि चॅटचे स्क्रीनशॉट लागतात. स्क्रीनशॉट आधी काढा, भांडण मग करा, कारण बायकोनं 'पोलिसांत जाते' असं लिहिताच त्यानं आपले सगळे मेसेज 'डिलीट फॉर एव्हरीवन' केले. आमच्याकडे निम्मेच उरले. पोलिसांनी सांगितलं की फसवणुकीला भारतीय न्याय संहितेचं कलम 318 आणि ऑनलाइन तोतयेगिरीला आयटी कायद्याचं 66 डी लागतं. 1930 वर लवकर कळवलं तर बँक समोरच्या खात्यातली रक्कम थोपवून धरू शकते. आमचे शेवटचे 6,500 असे अडकले, आधीचे दोन्ही तोवर काढून नेले होते. अडकलेले परत मिळावेत म्हणून अर्ज दिलाय.

ठाण्याच्या ताई आता पिल्लाच्या फोटोवर स्वतःचं नाव, गाव आणि तारीख मधोमध, पिल्लाच्या अंगावरून टाकतात. पूर्वी कोपऱ्यात टाकायच्या, चोर तेवढा कोपरा कापून टाकत. तुम्हीही दत्तक द्यायच्या मांजरांचे फोटो टाकत असाल तर तसंच करा, आणि पिल्लाला घर मिळालं की जुन्या पोस्टवर 'घर मिळालं' असं मोठ्या अक्षरांत लिहून ठेवा.